पार्कला निघण्याआधी: चष्म्याची दोरी आणि बाकीचं सामान

चष्म्याची दोरी. आधी ती विकत घ्या, मग पुढचं वाचा. घरात जितकी चष्म्याची माणसं तितक्या दोऱ्या, आणि गाडी चालवणाऱ्यासाठी एक जास्तीची. मावश्या गळ्यात घालतात ती मण्यांची साखळी चालणार नाही, ती चष्मा काढल्यावर छातीवर लोंबकळायला असते. आपल्याला हवी ती डोक्याच्या मागे आवळून बसणारी, इलॅस्टिकची किंवा रबरी, क्रिकेटवाले वापरतात तशी. मागच्या खेपेला एका पार्कला जाताना आम्ही बाम, सुईदोरा, इसबगोल सगळं नेलं, एवढी एक राहिली. लाटांच्या तलावात नवऱ्याचा मायनस साडेपाचचा चष्मा गेला तो गेलाच. तीन जीवरक्षक पोरांनी बुड्या मारल्या, हाताला काय लागलं तर कुणाचं तरी पैंजण. गाडी चालवता येणारा घरात तो एकटा आणि घर चारशे किलोमीटरवर. परत कसे आलो ते विचारू नका.

तर आता यंदाचा बेत खोपोलीच्या इमॅजिका पार्कचा आहे, म्हणून ही उजळणी. बडोद्याहून निघणाऱ्या कुणालाही कामी येईल.

पहिलं म्हणजे दिवस. आपल्याकडे शाळांना दिवाळीची सुट्टी 21 दिवस असते, पण पाडव्यापासून लाभपाचमेपर्यंत अख्खं गुजरात दुकानाला कुलूप लावून घराबाहेर पडतं. त्या आठवड्यात गेलात तर ज्यांना रोज बडोद्याच्या मांडवीत बघता त्यांनाच तिथे रांगेत बघाल. लाभपाचम उलटू द्या, मंगळवार-बुधवार धरा. पावसाळ्यात खोपोलीला घाटाच्या पायथ्याचा पाऊस असतो. जोराचा वारा सुटला, वीज चमकली की उंच राईड थांबवतात, मग तिकीट काढून छपराखाली उभं राहायचं. मे महिना नकोच. आपलं ऊन भाजून काढतं, तिकडचं घामाने निथळवतं, आणि रांगेत ते दुसरं जास्त छळतं. सासूबाई बरोबर असतील तर कालनिर्णयात एकादशी बघून घ्या. पार्कात साबुदाण्याची खिचडी मिळेल या भरवशावर कुणी राहू नये.

रेल्वेने जाणार असाल तर आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर 2024 पासून जुने 120 दिवस गेले, तरी आमच्या काकांना अजून तेच आठवतात. मुंबईला उतरून पुढे कर्जत, कर्जतहून खोपोलीची लोकल, तिथून रिक्षा किंवा टॅक्सी. सामान जास्त असेल तर हे नको. गाडीने जाणार असाल तर भरूचपर्यंतचा नवा द्रुतगती मार्ग सुखाचा आहे, पुढे सुरत, वापी, आणि घोडबंदर रोडला काय होईल ते तुमच्या नशिबाचं. फास्टॅग आदल्या रात्री भरा.

तिकिटांचं नीट समजून घ्या. इमॅजिकाचा थीम पार्क 2013 साली सुरू झाला, वॉटरपार्क 2014 साली. दोन्ही शेजारी असले तरी दोन वेगळी ठिकाणं आहेत आणि तिकिटंही वेगळी. पैसे वसूल करायचे म्हणून एकाच दिवशी दोन्ही करायला जाल तर मुलं दुपारी चारला कुठल्यातरी बाकावर झोपलेली सापडतील. मधे एक रात्र ठेवा.

मुलांची उंची घरीच मोजा. अनवाणी, दाराच्या चौकटीला टाच लावून, डोक्यावर वही आडवी धरून. तिकडे मुलांचं तिकीट उंचीवर ठरतं आणि मोठ्या राईडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. दोन बोटं कमी भरली तर सोडत नाहीत, आणि नाहीच सोडू नये, कारण छातीवरचा तो लोखंडी पट्टा ठरावीक मापाच्या अंगालाच नीट बसतो. जाड तळव्याचे बूट घालून फसवायचा विचार करू नका. त्यापेक्षा कुठल्या राईडला किती उंची लागते ते पार्कच्या साइटवर बघून मुलाला घरीच सांगा, ‘नायट्रो’ रोलरकोस्टर यंदा नाही. जे रडायचं ते बडोद्यात रडून होईल. रक्तदाब, पाठीचा मणका, दिवस गेलेले, यांच्यासाठीही पाट्या असतात. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या दिराला त्या मोठ्याने वाचून दाखवा.

आता परत चष्मा. दोरी असली तरी वेगाच्या राईडवर आणि उंच घसरगुंडीवर बहुतेक वेळा चष्मा काढायलाच लावतात. त्यामुळे कडक डबी न्या, मऊ पाऊच नको, आणि जे माणूस राईडमध्ये बसणार नाही त्याच्याकडे ती डबी द्या. आमच्याकडे हे खातं सासूबाईंकडे. जुना चष्मा फेकला नसेल तर तो गाडीच्या कप्प्यात ठेवा, पार्कात नेऊ नका. नंबर लिहिलेल्या कागदाचा फोटो फोनमध्ये घ्या. तरी मोठ्या नंबरच्या काचा परगावी तासाभरात मिळत नाहीत, हे मी चांगलं ओळखून आहे. काँटॅक्ट लेन्स लावून पाण्यात उतरायचं नाही. पाण्यातला अमीबा लेन्सखाली अडकला तर डोळ्याला फार वाईट संसर्ग होऊ शकतो. ज्याला चष्म्याशिवाय स्वतःची मुलं ओळखू येत नाहीत त्याच्यासाठी पोहण्याचे नंबरचे गॉगल तयार मिळतात, मायनसमध्ये बरेच नंबर असतात. आणि तरीही दोरी घ्या. पाण्याबाहेर, रांगेत, मूल कडेवर असताना, खाली वाकताना, सगळीकडे दोरी. मी दोन आणल्यात. तिसरीही आणणार आहे.

कपडे. वॉटरपार्कात सुती चालत नाही, नायलॉन किंवा लायक्राच लागतं. सुताचे तंतू गाळणीत जाऊन बसतात, आणि सुती कपडा पाणी पिऊन जड होतो. चेन, धातूची बटणं, टिकल्या लावलेलं काही नको, घसरगुंडीवर ओरखडे पडतात. जे माणूस आज म्हणतं ‘मी काठावर बसणार, मला नको’, त्याच्यासाठीही एक जोड घ्याच. लाटा सुरू झाल्यावर ते माणूस उठणार आहे, आणि मग भाड्याचा, मापाचा नसलेला पोशाख घालून फोटोत येणार आहे. मंगळबाजारात नायलॉनच्या तीन-चतुर्थांश पँटी स्वस्त मिळतात. लांब केसांना रबर, मंगळसूत्र आणि पैंजण घरी. ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी, त्यात दुसरी पिशवी.

नवे बूट घालून जाऊ नका. घ्यायचेच असतील तर आधी आठवडाभर कमाटीबागेत फेऱ्या मारून पाय सोलून घ्या. वॉटरपार्कात फरशी तापते, रबरी चपला हव्यात.

फोनची पाणबंद पिशवी फोन न घालता तपासा. आत टिश्यू पेपर घालून ती बादलीत बुडवा, वर काहीतरी जड ठेवा, चहा पिऊन या. टिश्यू कोरडा निघाला तरच फोन. मुलाच्या दंडावर तुमचा नंबर पक्क्या मार्करने लिहा, बॉलपेनचा घामानेच जातो. भेटायची जागा आत शिरल्या शिरल्या ठरवा आणि मुलाला तिथे नेऊन उभं करा. ‘त्या फुग्यांपाशी’ असं सांगू नका, फुगेवाला हलतो.

खाणं गाडीसाठी. थेपले, सुकी भाजी, लिलो चिवडा, गाठिया. गेटवर बॅगा उघडतात आणि बाहेरचं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे डबा गाडीत राहतो. बंद गाडीत उन्हात बटाटा आंबतो, तेव्हा भाजी जातानाच संपवा. तान्ह्या बाळाचं खाणं आणि रोजची औषधं याला सहसा हरकत नसते. ओआरएसची पाकिटं चार, सनस्क्रीन, बँडेड, पॅड. पॅड तारीख नसली तरी.

पार्कात शिरल्यावर आधी मोठी राईड. सगळे गेटजवळच्या पहिल्या झोक्याला लटकतात, तुम्ही सरळ आत चालत जा. जेवण साडेअकराला किंवा अडीचला, एकला नाही. लॉकरची किल्ली मनगटाला. डबी सासूबाईंकडे. दोरी? बरं.

परतताना ओले कपडे त्याच रात्री हॉटेलात पिळून वाळत टाका. दुसऱ्या दिवशी उशिरा उठा आणि उजेडात निघा, घोडबंदर शाळा-ऑफिसच्या वेळी टाळा. टूथब्रश, चार्जर, कंगवा हे तुमचं तुम्ही बघा.