शिकागोचा एप्रिल आणि कोहो सॅमन: बोट नसली तरी चालतं

मार्च संपत आला की नेपरव्हिल-शॉमबर्ग या शिकागोच्या उपनगरांकडच्या आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात, लेक मिशिगनवर सॅमन लागतो म्हणतात तो नक्की कुठे लागतो आणि त्याला बोट लागते का. बोट लागत नाही, निदान एप्रिलमध्ये तरी नाही. उन्हाळ्यात हाच मासा कित्येक मैल आत खोल पाण्यात निघून जातो आणि मग चार्टर, म्हणजे भाड्याची बोट, घेतल्याशिवाय गत्यंतर नसतं, पण वसंतात साधारण सहा-सात आठवडे असे येतात की तो तुमच्या पायापासून वीस-तीस यार्डांवर फिरत असतो. त्या आठवड्यांची मी वर्षभर वाट बघतो.

आधी तो किनाऱ्याला का येतो ते समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावरच आहे. हे तळं म्हणजे आपल्या हिशेबाने समुद्रच, लांबी जवळजवळ ४९० किलोमीटर आणि सगळ्यात खोल जागी २८१ मीटर, एवढं पाणी तापायला जून उजाडतो. गोडं पाणी ४ डिग्री सेल्सिअसला, म्हणजे ३९ फॅरनहाइटला, सगळ्यात जड असतं, त्यामुळे वसंतात उथळ कडेचं पाणी जरा तापलं की ती कोमट पट्टी किनाऱ्यालाच चिकटून राहते, आतलं गार पाणी तिच्यात पटकन मिसळत नाही. कोहोला, म्हणजे सॅमनच्या या जातीला, अन्न आणि ऊब दोन्ही त्या पट्टीत मिळतं. दक्षिण टोक सगळ्यात आधी तापतं म्हणून मार्चमध्ये मासा इंडियानाच्या बाजूला, मिशिगन सिटी, पोर्टेज, हॅमंडला लागतो, एप्रिलमध्ये शिकागोसमोर येतो आणि मे निम्मा झाला की उत्तरेला वॉकीगनकडे सरकत सरकत आत निघून जातो.

म्हणजे पहिली खरेदी रॉडची नाही, थर्मामीटरची. दोरी बांधलेला साधा थर्मामीटर पुरतो. मी पोचलो की आधी तो पाण्यात सोडतो, दोन मिनिटं थांबतो, मग पन्नास पावलं पुढे जाऊन परत सोडतो. गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी शिकागोच्या मॉन्ट्रोज बंदरात बाहेरच्या बाजूला ३९ दाखवत होतं (इथून पुढे सगळे आकडे फॅरनहाइटमध्येच) आणि बंदराच्या तोंडाशी ४३, अंतर पाच मिनिटांचं सुद्धा नाही. बाहेर तासभर कोणाला काही लागलं नव्हतं, तोंडाशी वीस मिनिटांत दोन कोहो. ४० च्या खाली मासा आळसावलेला असतो, समोरून गेलेल्या आमिषामागे धावत नाही, तेव्हा गांडूळ लावून थांबून राहायचं. ४२ ते ५० मध्ये असेल तर धातूचा स्पून, म्हणजे गरी लावलेलं चमच्यासारखं चकचकीत आमिष, फेकायचा, कारण तेव्हा तो पाठलाग करून मारतो.

वाऱ्याचंही तसंच. पश्चिमेचा वारा शहराकडून येतो, पाणी किनाऱ्याजवळ काचेसारखं सपाट दिसतं आणि नवखा माणूस खूश होतो, पण दोन दिवस तोच वारा राहिला तर वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि कडेला खालचं गार पाणी वर येतं. हलका पूर्वेचा वारा मला जास्त आवडतो, थोड्या लाटा असतात, पाणी किंचित गढूळ होतं आणि मासा बिनधास्त जवळ येतो. गढूळ आणि स्वच्छ पाणी जिथे भेटतं तिथे एक रेघ दिसते, स्पून त्या रेघेच्या कडेकडेने ओढायचा.

पण ईशान्येचा जोरदार वारा असेल तर घरी राहा, हे मी अगदी हात जोडून सांगतो. काठावरच्या काँक्रीटच्या पायऱ्यांवर शेवाळं असतं, लाट वरून येते आणि एप्रिलमधलं चाळीस डिग्रीचं पाणी चांगल्या पोहणाऱ्यालाही काही मिनिटांत हातपाय हलवू देत नाही. २३ सप्टेंबर १९६७ ला मिशिगन राज्याच्या किनाऱ्यावर प्लॅट बेजवळ वादळात सापडून कोहोच्या नादाने गेलेले सात जण बुडाले होते. निघायच्या आधी नॅशनल वेदर सर्व्हिसचा किनाऱ्यालगतचा लाटांचा अंदाज बघा, एकटे जाऊ नका आणि फुगणारं लाइफ जॅकेट कोटाच्या वरून घाला, आतून नाही. बाकी कपड्यांचं एवढंच की घरी ६० असेल तर लेकवर ४५ धरून चला, हवामानवाले 'कूलर बाय द लेक' म्हणतात ते शब्दशः खरं आहे.

लायसन्सबद्दल बरेच जण गडबड करतात. इलिनॉयमध्ये १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला फिशिंग लायसन्स लागतं आणि लेक मिशिगनवर सॅमन किंवा त्याचाच भाऊबंद ट्राउट पकडायचा तर त्यावर वेगळा सॅमन स्टँप घ्यावा लागतो. वार्षिक लायसन्स ३१ मार्चला संपतं, म्हणजे नेमकं सीझनच्या तोंडावर, त्यामुळे गेल्या जूनमध्ये काढलेलं आहे की म्हणून तसंच गेलात तर दंड भराल. ट्राउट-सॅमन मिळून दिवसाला ५ ची मर्यादा आहे, त्यात लेक ट्राउटला वेगळी अट असते, ते त्या वर्षीच्या नियमपुस्तकात बघून घ्या. आणि इंडियानाच्या हद्दीत गेलात की तिथलं लायसन्स आणि तिथला स्टँप वेगळा.

जागा म्हणाल तर मॉन्ट्रोज, बेलमाँट, डायव्हर्सी, मॅककॉर्मिक प्लेसजवळचं बर्नहॅम, दक्षिणेला जॅक्सन पार्क. मी मॉन्ट्रोजचा माणूस, कारण तिथे धक्का घोड्याच्या नालासारखा वळतो आणि वारा कुठूनही असो एक बाजू आडोशाची मिळते. तिथे तुम्हाला पॉवरलाइनवाले दिसतील, हे शिकागोचं खास प्रकरण आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळीतून नांगर लांब पाण्यात उडवतात, त्यावर जाड दोर ताणतात आणि त्या दोरावरून आमिष लावलेल्या गरींची माळ सरकवत आत सोडतात, काठावर घंटी बांधलेली, मासा लागला की वाजते. बरेच जण वर्षानुवर्षं त्याच जागी बसणारे आहेत. त्यांच्या दोरावरून स्पून फेकू नका, दोन माणसांच्या मध्ये घुसायच्या आधी विचारा, आणि कॉफी घेऊन जाऊन काल काय लागलं विचारलंत तर जे कळेल ते कुठल्याही ॲपवर नाही.

सामान फार नको. सात ते साडेआठ फुटांचा मीडियम स्पिनिंग रॉड, ३००० साइझचं रीळ, दहा पौंडाची ब्रेडेड लाइन, म्हणजे विणलेला दोरा, आणि पुढे चार-पाच फूट आठ पौंडाचा फ्लुरोकार्बन, म्हणजे पाण्यात सहज न दिसणारा पारदर्शक दोरा. ब्रेडेड थेट स्पूनला बांधू नका, स्वच्छ पाण्यात दिसते. स्पून १० ते २० ग्रॅमचे, लिटल क्लिओ नाहीतर क्रोकोडाइल, अंधुक उजेडात भगवा-सोनेरी आणि ऊन वर आलं की चंदेरी-निळा. भगव्याचं नक्की कारण मला सांगता येणार नाही पण वसंतातला कोहो भगव्या-लाल रंगावर येतो हे बोटवालेही मानतात, त्यांचे डॉजर, म्हणजे आमिषाच्या पुढे लावायची चमकती पाती, लाल-भगवेच असतात. स्पून फेकलात की तीनपर्यंत मोजा, बुडू द्या, मग मध्यम वेगात ओढा आणि मध्येच एक क्षण थांबा. मासा बहुतेक त्या थांबण्यातच मारतो. वरच्या पाच-सात फुटांत राहा, वसंतातला कोहो तळाला नसतो, आणि नवीन माणसं नेमकी इथेच चुकतात, स्पून तळापर्यंत जाऊ देतात आणि दगडात अडकवून घेतात.

गार पाण्यात बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी छोटी खूण. बॉबरच्या खाली चार ते सहा फुटांवर लहान गरी आणि त्यावर गांडूळ, किंवा जाळीदार कापडात बांधलेली गाबोळीची पुरचुंडी. आमच्याकडे गाबोळी तळून खायची असते, गरीला लावायला पहिल्यांदा जीवावर आलं होतं, पण ती पुरचुंडी पाण्यात वास सोडत राहते आणि ३८-४० डिग्रीतही मासा येतो. कोकणात ज्यांनी धक्क्यावर बसून गरवलंय त्यांना ही पद्धत लगेच जमेल. बॉबर एकदम बुडत नाही, आधी आडवा सरकतो, तेव्हा झटका द्यायची घाई करायची नाही, लाइन ताणली गेली की मग हलकेच उचलायचं.

वेळ पहाटेची. एप्रिलच्या सुरुवातीला साडेसहाच्या सुमाराला उजाडतं, शेवटाला सहाच्या आत. उजेड फुटायच्या अर्धा तास आधी तुम्ही लाइन बांधून तयार हवेत, कारण त्यानंतरचा दीड तासच खरा. नऊनंतर मी बहुतेक सामान गुंडाळतो. ढगाळ दिवस असेल तर जरा लांबतं.

आणि लांब दांड्याची जाळी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे. शिकागोच्या काठावर बऱ्याच ठिकाणी तुम्ही पाण्यापासून पाच-सहा फूट उंचावर उभे असता आणि कोहो हा नाचणारा मासा, लागला की दोन-तीनदा हवेत उडी मारतो, स्वतःभोवती गरगर फिरून लाइन गुंडाळून घेतो. मी पहिल्या वर्षी जाळी न घेता गेलो होतो. तीन पौंडांच्या आसपासचा कोहो भिंतीपर्यंत आणला, खाली तो आडवा होऊन कल्ले उघडत-मिटत होता, पाठ निळसर-हिरवी आणि कूस नव्या स्टीलच्या ताटासारखी चकाकत होती, लाइन हातात धरून वर उचलायला गेलो आणि अर्ध्यावर आल्यावर त्याने एक झटका दिला, गरी सुटली, मासा पाण्यात. गरीने तोंड फाटलेला मासा असा निसटणं हे नुसतं सुटलेल्या माशाचं दुःख नाही, तो जगेल का हेही डोक्यात राहतं. निदान दहा फुटांचा दांडा घ्या, नाहीतर शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा. मासा आला की जाळी आधी पाण्यात, मासा डोक्याकडून आत, मग उचला. शेपटीकडून घालायला गेलात की पळाला.

हातात आला की कुठला आहे ते बघा. तोंड उघडून हिरड्या बघायच्या, तोंड काळं आणि दातांच्या मुळाशी हिरडी पांढुरकी असेल तर कोहो, हिरडीसकट सगळं काळं असेल तर चिनूक म्हणजे किंग. शेपटीवर ठिपके फक्त वरच्या अर्ध्या भागात तर कोहो, दोन्हीकडे तर चिनूक. वसंतातला कोहो साधारण दोन ते चार पौंडांचा असतो, ऑगस्टपर्यंत तोच अलवाइफ खाऊन दुप्पट होतो. हा अलवाइफ म्हणजे तारलीसारखा छोटा चंदेरी मासा, समुद्रातून या तळ्यांत शिरला. रक्त शोषणाऱ्या लॅम्प्रे माशाने मोठे लेक ट्राउट संपवत आणले, खाणारं कोणी उरलं नाही, आणि अलवाइफ एवढे माजले की १९६७ मध्ये मेलेल्या माशांचे ढीग शिकागोच्या बीचवर पडले होते. त्याच्या एक वर्ष आधी, १९६६ मध्ये, मिशिगन राज्याचे मत्स्यविभाग प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी ओरेगॉनच्या अंड्यांपासून वाढवलेली कोहोची पिल्लं सोडली, म्हणून आज आपण इथे उभे आहोत. शिकागो नदी १९०० मध्येच उलटी वळवली, ती तळ्यात येत नाही, त्यामुळे इथल्या कोहोला अंडी घालायला नदीच नाही. आपल्या समोरचा सीझन बराचसा हॅचरीवर, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रांवर, चालतो आणि तुमच्या स्टँपचे पैसे त्या कामाला लागतात, म्हणून स्टँप टाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

ठेवायचा असेल तर लगेच मारा. डोक्यावर एक नेमका फटका, मग दोन्ही बाजूचे कल्ले कात्रीने कापून बादलीतल्या गार पाण्यात दहा मिनिटं उलटा धरून रक्त जाऊ द्या, नंतर बर्फात. दोरीला बांधून तासभर पाण्यात तडफडत ठेवलेल्या माशाचं मांस लिबलिबीत होतं, चवही उतरते.

आता खाण्याचं. रावसला बाजारात इंडियन सॅमन म्हणतात म्हणून खूप जण रावससारखंच करायला जातात, पण रावस सॅमनच्या कुळातला नाही, त्याचं मांस पांढरं आणि घट्ट, कोहो भगवा, मऊ आणि तेलाचा. त्या तेलातच अडचण आहे. या तळ्यात जुन्या कारखान्यांचं पीसीबी नावाचं रसायन अजून आहे, अमेरिकेत ते १९७९ मध्ये बंद झालं तरी गाळातून माशांच्या चरबीत येत राहतं. इलिनॉयचं आरोग्य खातं कुठला मासा किती वेळा खावा याची यादी काढतं, ती वाचा, घरात गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर नक्कीच. मी महिन्यातून एकदाच करतो. कातडी काढायची, पाठीच्या रेघेवरची आणि कुशीची तपकिरी चरबी सुरीने खरवडून टाकायची, पोटाकडची पातळ पट्टी पूर्ण कापायची, मग उरलेल्या तुकड्यांना हळद, मीठ, लसूण, तिखट आणि कोकमाचा आगळ लावून अर्धा तास ठेवायचे आणि ओव्हनमध्ये जाळीच्या रॅकवर भाजायचे, म्हणजे उरलंसुरलं तेल खाली ट्रेमध्ये गळतं. रव्यात घोळवून तळलेला छान लागतो पण तेल आतच राहतं, म्हणून मी तो मोह सोडलाय. ट्रेमधलं तेल फेकून द्या, भातावर घेऊ नका. आणि डोक्याचं कालवण करू नका, आपल्या माणसाला हे जड जातं मला माहितीये, मलाही पहिल्या वर्षी ते डोकं कचऱ्यात टाकताना हात थांबला होता.