आजारी मांजर पावडर कालवलेलं खाणं हुंगून सोडत असेल तर

दात काढल्यापासून आमची मनी मऊच खायची, पण डॉक्टरांनी दिलेली टॉरिनची (मांजराला लागणाऱ्या एका पोषकद्रव्याची) पावडर कालवली की बशी हुंगून निघून जायची. दूधभात झाला, मालवणच्या बंदरावरची कच्ची तारलीही झाली (कच्च्या तारलीने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, हे मागाहून कळलं). तिसऱ्या दिवशी मला रडूच आलं.

जमलं ते असं. मीठ, कांदा, लसूण न घालता कोंबडी उकडली, हाडं काढली, त्याच पाण्यासकट मिक्सरला लावली. टॉरिन पाण्यात उतरतं, ते पाणी ओतायचं नाही. कोमट झाल्यावर दोनच चमचे वेगळे काढून पूर्ण डोस त्यात कालवला, वर उकडलेल्या बांगड्याचं अर्धा चमचा पाणी. सकाळी, भुकेच्या वेळी, आधी एवढंच. बशी चाटून झाल्यावर बाकीचं. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते.