कुकरमध्ये मिनेस्त्रोने: राजमा आणि भाज्यांचं दाट इटालियन सूप

मिनेस्त्रोनेची एकच ठरलेली कृती इटलीतही नाही. जेनोव्हात वरून पेस्तो (बेसिल म्हणजे इटालियन तुळशीची, तेल-चीज घातलेली चटणी) घालतात, मिलानकडे पास्त्याऐवजी तांदूळ घालतात, तोस्कानात पांढरा राजमा आणि काळपट पानांचा केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) असतो. ऑलिव्ह तेलात सावकाश परतलेला कांदा, गाजर आणि सेलरी, हंगामातल्या भाज्या आणि शिजवलेलं कडधान्य एवढं मात्र बहुतेक ठिकाणी सापडतं. कुकरचा खरा उपयोग होतो तो राजमा शिजवायला. सगळं एकदम भरून शिट्ट्या काढल्या तर एकतर राजमा कच्चा राहतो, नाहीतर भाज्यांचा लगदा होतो. म्हणून कुकर दोनदा लावायचा.

चार-पाच जणांसाठी, पाच लिटरच्या कुकरच्या बेताने:

- राजमा 200 ग्रॅम (इटलीतल्या बोर्लोत्तीला आपला चित्रा राजमा जवळचा, कानेल्लिनीला पांढरा)
- कांदा 150 ग्रॅम, गाजर 200 ग्रॅम, सेलरीच्या दोन दांड्या
- लसूण 4 पाकळ्या
- पिकलेले टोमॅटो 250 ग्रॅम
- बटाटा, कोबी प्रत्येकी 150 ग्रॅम, फरसबी 100 ग्रॅम
- झुकिनी 1, पालकाची लहान जुडी
- लहान नळीचा पास्ता 70 ग्रॅम
- ऑलिव्ह तेल 5 मोठे चमचे, शिवाय वरून घालायला थोडं
- पार्मेजान चीजच्या सालीचा तुकडा, मिळाला तर

राजमा

आदल्या रात्री राजमा दीड लिटर पाण्यात तीन छोटे चमचे मीठ विरघळवून भिजत घाला. मिठाने राजमा कडक होतो असं पुष्कळ जण मानतात, पण भिजवणीच्या पाण्यातलं मीठ साल मऊ करतं आणि दाणे कमी फुटतात. आठ ते दहा तास पुरतात. उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबतं.

सकाळी पाणी ओतून दाणे धुवा. कुकरमध्ये राजमा, एक लिटर ताजं पाणी, लसणाच्या दोन अख्ख्या पाकळ्या आणि एक चमचा तेल घाला. तेलाने फेस कमी येतो. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, कारण फेसाबरोबर वर आलेलं साल वाफेच्या नळीत अडकू शकतं. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून 15 मिनिटं मोजा. शिट्ट्या मोजण्यापेक्षा हे भरवशाचं, कारण प्रत्येक कुकर वेगळ्या वेगाने शिट्टी देतो. गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. वजन उचलून दाब एकदम सोडला तर दाणे फुटतात.

उघडल्यावर चार-पाच दाणे चाखा, एकावर भागवू नका. मधे खडा लागला तर आणखी पाच मिनिटं लावा. अर्धकच्च्या राजम्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे उलट्या आणि जुलाब होतात, म्हणून इथे तडजोड नको. दाणे पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात काढा. ते पाणीच सुपाचा रस्सा आहे.

दाणे शिजतच नसतील तर राजमा जुना आहे किंवा पाणी जड आहे. बोअरच्या पाण्यात हे पुष्कळदा होतं. शिजवताना चिमूटभर खायचा सोडा घाला. जास्त घातला तर साबणासारखी चव येते.

परतणी

इटालियन लोक हिला सोफ्रित्तो म्हणतात, आणि मिनेस्त्रोनेची चव सगळ्यात जास्त इथे ठरते. धुतलेल्या कुकरमध्ये चार चमचे तेल घ्या. कांदा, अर्धं गाजर आणि सेलरी अगदी बारीक चिरून, चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर 15 मिनिटं परता. रश्श्याच्या वाटणासाठी कांदा लाल करतो तसा इथे करायचा नाही. तो पारदर्शक, मऊ आणि गोडसर व्हायला हवा. तांबूस होऊ लागला तर एक पळी पाणी शिंपडा. शेवटच्या मिनिटाला उरलेला लसूण चिरून घाला.

आता टोमॅटो चिरून घाला आणि पाच-सहा मिनिटं आटवा. टोमॅटो राजम्याबरोबर सुरुवातीलाच घातला असता तर त्याच्या आंबटपणाने दाणे मऊ व्हायला फार वेळ लागला असता. साध्या ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये टोमॅटोला धातूची चव येऊ शकते, म्हणून स्टीलचा कुकर बरा. तळाला लागलेलं उलथन्याने खरवडून घ्या, नाहीतर दाब आल्यावर तेच जळतं.

भाज्या

बटाटा, उरलेलं गाजर, फरसबी आणि कोबी साधारण दोन सेंटिमीटरचे तुकडे करून घाला. राजम्याचं पाणी, वर दोन वाट्या साधं पाणी आणि चीजची साल घाला. अस्सल पार्मेजानच्या सालीवर मेण नसतं, ती धुऊन बिनधास्त वापरता येते. मात्र हे चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध फाडणाऱ्या पाचकरसाने) बनतं, त्यामुळे शाकाहारी वाचकांनी ते टाळून शाकाहारी रेनेटचं चीज घ्यावं.

झाकण लावा, पहिली शिट्टी होताच आच मंद करून दोन मिनिटं ठेवा, मग बंद करा. पाच मिनिटांनी वजन उलथन्याने अलगद उचलून उरलेली वाफ सोडा. लगेच सोडली तर पिठूळ रस्सा नळीतून उडतो.

झाकण काढल्यावर राजमा घाला, पण त्यातला तिसरा हिस्सा आधी पळीने चेपून. दाटपणा त्यातूनच येतो, मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लागत नाही. उकळी आली की पास्ता आणि झुकिनीचे तुकडे घाला. पास्त्याच्या पाकिटावर लिहिलेला वेळ मोजा आणि तळाला चिकटू नये म्हणून अधूनमधून ढवळा. पास्ता दाबाखाली शिजवू नका, त्याचा फेस राजम्यापेक्षाही वाईट. शेवटची दोन मिनिटं पालक. मीठ आत्ता चाखून घाला, कारण राजमा आणि चीज दोन्ही आधीच खारट आहेत.

चीजची साल काढून टाका आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. वाढताना प्रत्येक वाडग्यात चमचाभर कच्चं ऑलिव्ह तेल आणि भरडलेली मिरी. पेस्तो असेल तर तो वाडग्यातच घाला, उकळत्या भांड्यात त्याचा वास उडून जातो. आपल्या तुळशीचा उग्र वास इथे जुळत नाही, त्यापेक्षा बेसिल शोधा.

दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं असेल तर पास्ता वेगळा शिजवा, नाहीतर तो रात्रभर रस्सा पितो. तोस्कानात उरलेल्या सुपात शिळ्या पावाचे जाड तुकडे आणि केल घालून मंद आचेवर पुन्हा गरम करतात, त्याला रिबोल्लिता म्हणतात. त्यासाठी कडक सालीचा पाव हवा, गोडसर लादीपाव त्यात विरघळून चिकट होतो.