कुत्र्या-मांजरांसाठी विद्युतचुंबकीय स्पंद उपचार घरी कसा द्यावा

सांधेदुखीमुळे जिना चढणे सोडलेल्या वृद्ध कुत्र्यासाठी, किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर सावरणाऱ्या डॅशहुंड जातीच्या कुत्र्यासाठी, पशुवैद्य कधीकधी हा उपचार सुचवतात. तारेच्या वेटोळ्यातून वीज स्पंदांनी सोडली की बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि ते केस, कातडी, बँडेज ओलांडून आतल्या ऊतींपर्यंत पोहोचते. माणसांच्या न जुळणाऱ्या हाडांसाठी अशा उपकरणाला अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळाली. प्राण्यांबाबतचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे, त्यामुळे सर्व व्याधींवर रामबाण म्हणून केलेल्या जाहिरातींवर विसंबू नये.

प्रथम निदान करून घ्यावे, कारण लंगडण्यामागे हाडाचा कर्करोगही असू शकतो. गाठ, गर्भारपण किंवा पेसमेकर असल्यास पशुवैद्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उपकरण लावू नये.

प्राणी नेहमीच्या अंथरुणावर निवांत असताना, धातूचा पट्टा काढून, वेटोळे दुखऱ्या भागाभोवती किंवा त्यावर ठेवावे. लहान वेटोळ्यांच्या उपकरणांत एक सत्र बहुधा १५ मिनिटांचे असते. तरी वेळ आणि तीव्रता त्या उपकरणाच्या सूचनांप्रमाणेच ठेवावी. मांजर उठून गेले तर धरून ठेवू नये (तसेही ते ऐकणार नाही). वायर चावली जाणार नाही, याकडे लक्ष असावे.

चालणे, झोप आणि भूक यांची रोज नोंद ठेवावी. चालू असलेली वेदनाशामके परस्पर बंद करू नयेत. सूज वाढल्यास किंवा पाय टेकवेनासा झाल्यास उपचार थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.