एनसीसी कॅडेटना निर्णय घ्यायला कसं शिकवावं: मैदानावरचे सराव

'दाहिने मुड' बिनचूक करणारा कॅडेट काही महिन्यांत तयार होतो. त्यालाच म्हणा, 'हे दहा जण घे आणि रंकाळा तलावाचा एवढा काठ साफ करून घे', की तो एक तर सगळ्यांवर ओरडत सुटतो, नाहीतर स्वतःच गोणी घेऊन कचरा वेचायला लागतो. यात त्याचा दोष नाही. ड्रिलमध्ये निर्णय दुसऱ्यानं घेतलेला असतो, कॅडेटनं तो फक्त ठेक्यात पार पाडायचा. निर्णयाचा सराव वेगळा द्यावा लागतो, आणि त्यात चुकायची मुभाही द्यावी लागते. खालचे सराव शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी दोन-अडीच तासांत बसतात. घेणारा एएनओ (शाळेतला एनसीसीचा शिक्षक-अधिकारी) असो, सीनिअर कॅडेट असो की एखादा निवृत्त फौजी पालक.

कमांडर बदलत राहा

दहा जणांचं सेक्शन करा. कमांडर दर अर्ध्या तासानं बदला, तोही हजेरीच्या क्रमानं. 'कोण होतंय लीडर?' असं विचारलंत, तर दर रविवारी तीच दोन मोठ्या आवाजाची पोरं पुढं येतील. या दोन तासांपुरती रँक बाजूला ठेवा. सार्जंटनं नव्या कॅडेटच्या हाताखाली काम करायचं. हे नव्यापेक्षा सार्जंटलाच जास्त जड जातं, म्हणून ते टाळू नका.

आदेश पाच भागांत, तीन मिनिटांत

कॅम्पमध्ये उस्ताद शिकवतात तोच साचा घ्या: इत्तला (माहिती), मकसद (उद्दिष्ट), तरीका (पद्धत), इंतजामात (व्यवस्था), कमांड आणि सिग्नल. कॅडेटनं तो खिशातल्या डायरीत पाच ओळींत लिहायचा आणि उभं राहून सांगायचा.

गडबड हटकून मकसदमध्ये होते. 'रंकाळा स्वच्छ करणे' याला मकसद म्हणत नाहीत, कारण काम संपलं हे कळणार कसं? 'शालिनी पॅलेससमोरच्या काठावरचं प्लास्टिक साडेनऊपर्यंत उचलून, भरलेल्या गोण्या रस्त्याकडेला लावणे' हा मकसद झाला. दुसरी चूक म्हणजे मकसदमध्ये तरीका घुसडणं: 'दोन-दोनच्या जोड्यांनी डावीकडून सुरुवात करणे'. मग डावीकडं चिखल निघाला की सगळे थांबून कमांडरच्या तोंडाकडं बघत राहतात. शेवटी काय हवंय हे माहीत असेल, तर पोरं उजवीकडून सुरू करतात.

इंतजामातमध्ये हातमोजे आणि प्यायचं पाणी विसरतं. कमांड आणि सिग्नलमध्ये तीन गोष्टी हव्यात: मी कुठं उभा असेन, माझ्यानंतर कोण, आणि परत बोलावण्याची खूण काय.

शेवटी 'कोई शक?' विचारायची पद्धत आहे, आणि त्यावर सगळं सेक्शन छाती फुगवून 'नो सर' ओरडतं. त्या 'नो सर'वर विश्वास ठेवू नका. कमांडरनं कुणा एकाकडं बोट करून उलटा प्रश्न टाकावा: 'तू सांग, जमायचं कुठं? किती वाजता?' मागच्या रांगेतला बहुधा अडकतो. मग तेवढाच भाग पुन्हा सांगायचा.

फळीचा सराव

यासाठी सिमेंटच्या आठ रिकाम्या गोण्या, वाळू, सहा फुटी दोन फळ्या आणि एक बादली लागते. फळी दोन इंच जाड आणि नऊ इंच रुंद हवी. पातळ फळी मधोमध वाकते. गोण्या अर्ध्या भरून बांधा, दोन-दोन शेजारी ठेवून चार ओटे करा. दोन ओटे म्हणजे नदीचे काठ, मधले दोन म्हणजे बेटं. प्रत्येक दोन ओट्यांमधलं अंतर साडेचार फूट. फळी दोन्ही बाजूंना नऊ इंच टेकते, आणि तेवढं टेकायलाच हवं. आधी मोठ्या माणसानं चालून बघावं.

सहा जण आणि अर्धी भरलेली बादली पलीकडं न्यायची. फटी तीन, फळ्या दोन, वेळ बारा मिनिटं. पाय, फळी किंवा बादली जमिनीला लागली, तर तो माणूस किंवा ती वस्तू अलीकडच्या काठावर परत. उडी मारायची नाही. उरलेल्या चौघांनी डायरी घेऊन बाजूला उभं राहायचं आणि वेळेसकट नोंदी करायच्या.

पहिली दोन मिनिटं कुणीही फळीला हात लावायचा नाही. हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच पहिल्यांदा मोडतो. 'आरं टाक की फळी!' म्हणत पहिली फळी पडते, तिघं-चौघं पहिल्या बेटावर चढतात, आणि तिथं इतकी दाटी होते की वाकून फळी ओढायला जागा उरत नाही. बादली मात्र मागच्या काठावरच. तिसऱ्या फटीसाठी पहिलीच फळी पुढं आणावी लागते, म्हणजे ती निघेपर्यंत सहाही जण आणि बादली तिच्या पुढं गेलेली हवी: पहिल्या बेटावर दोघं, दुसऱ्या फळीवर दोघं, दुसऱ्या बेटावर दोघं. हे गणित दोन मिनिटांत बोटांवर सुटतं. ते मुलांना सांगू नका. ते सापडण्यासाठीच हा सराव आहे. सुटलं नाही तर वेळ संपू द्या.

कमांडरकडं बघत राहा. त्यानं स्वतः फळी उचलली की त्याला मागचं दिसेनासं होतं. त्याची खरी जागा दुसऱ्या बेटावर, जिथून पुढचं-मागचं दोन्ही दिसतं. आणि सेक्शनमधल्या शांत पोरानं बरोबर उपाय सांगितला, तो कुणी ऐकला नाही, असं झालं तर वेळेसकट टिपून ठेवा.

नंतरची दहा मिनिटं

फळीचा सराव संपला की टाळ्या वाजवून घरी जाऊ देऊ नका. गोलात बसवा. काय ठरलं होतं, काय झालं, फरक कशानं पडला, एवढंच विचारायचं. आधी नोंदी करणारे बोलतील, कमांडर सगळ्यांत शेवटी. तो आधी बोलला तर बाकीचे त्याचीच री ओढतात. 'याचं लक्ष नव्हतं' हे चालणार नाही. 'चौथ्या मिनिटाला फळी डावीकडून निसटली, तेव्हा तिथं कुणी उभं नव्हतं' हे चालेल.

अफवा तपासणं

पावसाळ्यात कोल्हापूरकराच्या मोबाईलवर हमखास येणारा संदेश घ्या: 'राधानगरीचे सातही दरवाजे उघडले, आज रात्री पाणी शहरात, सगळ्यांना पाठवा!' सेक्शनला पंधरा मिनिटं द्या. संदेशातलं पक्कं काय, अंदाज काय आणि निव्वळ भीती काय, असे तीन रकाने करायचे. तारीख आहे का? कुणाच्या नावानं आलाय? सोबतचा फोटो २०१९च्या किंवा २०२१च्या महापुराचा तर नाही?

मग माहिती द्या. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी वाढली की ते आपोआप उघडतात. म्हणजे दरवाजा उघडणं हीच काही आपत्ती नव्हे. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), सातांतून सुमारे दहा हजार. शहरासाठी बघायचा आकडा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा: इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट.

आता सरावापुरते आकडे फळ्यावर लिहा: सकाळी सहाला ३७ फूट ४ इंच, नऊला ३७ फूट १० इंच. इशारा पातळी कधी? तीन तासांत सहा इंच, म्हणजे तासाला दोन. राहिले चौदा इंच, म्हणून संध्याकाळी चार. हुशार पोरं इथवर पटकन येतात आणि हात वर करून बसतात. तेव्हा विचारा, 'हे उत्तर कधी चुकेल?' पाणी शेतात पसरायला लागलं तर वेग मंदावतो. वर घाटात पाऊस वाढला किंवा धरणातून विसर्ग वाढला तर चारच्या आधीच पातळी गाठली जाते. म्हणून उत्तराला शेपूट जोडायची: 'वेग असाच राहिला तर चार वाजता, बाराला पुन्हा आकडा बघणार.'

शेवटी निर्णय मागा. कागदपत्रं वर ठेवणं, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना कळवणं, तपासलेला आकडा वेळेसह पुढं पाठवणं, एवढं कॅडेट करू शकतो. पुराच्या पाण्यात उतरणं त्याचं काम नाही, हे स्पष्ट सांगा.

वरिष्ठाला शंका कशी सांगायची

शिस्त म्हणजे गप्प बसणं, असं पोरांच्या डोक्यात बसलेलं असतं. साचा द्या: काय दिसलं, त्यानं काय होईल, मी काय सुचवतो. 'सर, बसथांब्याच्या बाजूला रस्ता खोदलाय. रांग रस्त्यावर येईल. मागच्या गेटनं नेऊ का?' हे 'कोई शक?'च्या वेळी बोलायचं, काम सुरू झाल्यावर नाही. एकच अपवाद: कुणाला इजा होण्याची शक्यता दिसली, तर कुणीही 'थम' (थांबा) म्हणायचं. उत्तर 'नाही' आलं, तर आदेश पाळायचा.

क्लासबद्दल

सैनिक टाकळीसारखं फौजींचं गाव असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात दहावी झाली की एसएसबीच्या (सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या) क्लासची चौकशी सुरू होते. एसएसबीत शब्दचाचणीत (शब्द बघून सुचेल ते वाक्य लिहायचं) प्रत्येक शब्दाला १५ सेकंद मिळतात आणि प्रसंगचाचणीत (अशा प्रसंगी काय कराल ते लिहायचं) ३० मिनिटांत ६० प्रसंग असतात. पाठ केलेली उत्तरं तेवढ्या वेगात एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मैदानावरच्या वागण्याशी तर मुळीच नाही. फी भरण्याआधी महिन्यातून दोन रविवार वरचे सराव घ्या. नोंदींची डायरी सेक्शनकडंच राहू द्या. पुढच्या वेळी फटीचं अंतर तेच ठेवून फळीची जागा बदला, नाहीतर पोरं जुनंच उत्तर आठवून पार होतात.