रिकामा सरकारी प्लॉट दिसला की कुदळ उचलू नका: या चुका टाळा

व्हॉट्सॲपवर येणारा फोटो ठरलेला असतो. कमरेएवढं गवत, राडारोड्याचे ढीग, एखादी गंजून बसलेली रिक्षा आणि खाली ओळ: "सर, महापालिकेची जागा आहे, बाग करायची आहे, सुरुवात कुठून करू?" माझं उत्तरही ठरलेलं असतं: मिळकत पत्रिका पाठवा. त्यावर निम्मी मंडळी कायमची गप्प होतात. उरलेली विचारतात, ती कशाला, बोर्ड लावलाय ना तिथे!

बोर्ड कुणीही लावतं. जमीन बळकावणाराही लावतो आणि महापालिकेचा एखादा उत्साही कनिष्ठ अभियंताही लावतो. मालकी बोर्डावर ठरत नाही. ती नगर भूमापन कार्यालयातल्या मिळकत पत्रिकेवर, नाहीतर सातबारावर ठरते. हे सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आरक्षण दिसलं म्हणजे जागा पालिकेची झाली, असं समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

विकास आराखड्यात एका तुकड्यावर हिरवा रंग आणि 'उद्यान' असं लिहिलेलं दिसलं की लोक खूश होतात. पण आरक्षण म्हणजे नियोजन प्राधिकरणाने जाहीर केलेला इरादा. जमीन मूळ मालकाचीच राहते. पालिकेने ती संपादन करायला हवी, किंवा टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क, देऊन ताब्यात घ्यायला हवी. यातलं काहीच झालं नसेल, तर तुम्ही ज्या जागेत गुलमोहर लावताय ती कुणाच्या तरी आजोबांची वडिलोपार्जित जमीन आहे.

आणि इथे घड्याळ चालू असतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याचं कलम १२७ वाचा. एवढं एक कलम वाचलं तरी पुष्कळ झालं. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक हक्काच्या कागदांसह नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठीची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. पावलं कशाला म्हणायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 'गिरनार ट्रेडर्स' प्रकरणात २००७ साली सांगितलं आहे. नुसता ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव धाडला, एवढ्यावर भागत नाही. संपादनाची घोषणा प्रसिद्ध व्हावी लागते.

एका शहराच्या उपनगरात हे नाटक मी जवळून पाहिलं. चार सोसायट्या, मध्ये उद्यानाचं आरक्षण असलेला प्लॉट. मंडळी तडफदार होती, त्यात वाद नाही. वर्गणी काढली, राडारोडा उचलला, फरशीचा चालण्याचा ट्रॅक केला, दिवंगत आईवडिलांच्या नावाचे बाक बसवले. मी मिळकत पत्रिका मागत होतो, ते मला आराखड्याचा रंगीत फोटो पाठवत होते. "सर, तुम्ही फार कागद कागद करता," असंही एकाने सुनावलं. नगरसेवकाच्या हस्ते फीत कापली गेली, फ्लेक्स लागले. पुढच्या पावसाळ्याआधी मालकाचा माणूस जेसीबी घेऊन हजर. कलम १२७ ची नोटीस त्याने आधीच दिलेली होती, पालिकेने संपादनाचा ठराव करून फाइल बांधून ठेवली होती, मुदत उलटली होती, राजपत्रात आरक्षण उठल्याची अधिसूचनाही आली होती. लोक पोलीस चौकीत गेले. तिथे त्यांना समजलं की अतिक्रमण करणारे तेच आहेत. बाक आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दुचाकींना आडवे.

तडफ थोडी आधी आणि वेगळ्या खिडकीवर दाखवली असती, तर हा प्लॉट वाचण्याची शक्यता होती. कलम १२७ ची नोटीस पालिकेत येऊन पडली की खरी लढाई सुरू होते. संपादनासाठी तरतूद झाली का, प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे, घोषणा निघाली का, हे दर महिन्याला लेखी विचारायचं. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. यात फीत कापायला मिळत नाही, म्हणून या कामाला माणसं मिळत नाहीत.

माझी सवय सांगतो. जागेला भेट देण्याआधी तीन कागद हातात घेतो: मिळकत पत्रिका किंवा सातबारा, भाग नकाशा किंवा आराखड्याचा अभिप्राय (जागेवर कुठलं आरक्षण आहे ते सांगणारा), आणि ताबा पावती. तिसरा कागद बहुतेकांच्या गावीही नसतो. पालिकेचं नाव लागलेलं असतं, पण प्रत्यक्ष ताबा घेतलेलाच नसतो, असे प्लॉट भरपूर आहेत.

सगळी सार्वजनिक जमीन एकाच साहेबाची आहे, असं धरणं

रिकाम्या जागेचे धनी वेगवेगळे. राज्य सरकारची जमीन जिल्हाधिकाऱ्यांकडे, विदर्भात नझूलची, म्हणजे शहरातल्या सरकारी जमिनीची, वेगळी गोष्ट. म्हाडा, सिडको, नागपूरला सुधार प्रन्यास, शिवाय रेल्वे, संरक्षण खातं, बंदर प्राधिकरण. रेल्वेच्या पडीक जागेसाठी पालिका आयुक्तांना निवेदन देणं म्हणजे शेजाऱ्याच्या नळाची तक्रार आपल्या घरमालकाकडे करणं. सरकारी जमीन पालिकेला हवी असेल, तर पालिकेनेच जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करून आगाऊ ताबा घ्यावा लागतो. तुमचं निवेदन पालिकेला त्या मागणीसाठी टोचणारं असावं.

लेआउटमधली ओपन स्पेस हा आणखी एक गोंधळ. मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती तिथल्या रहिवाशांच्या सामायिक वापरासाठी असते, आपोआप पालिकेची होत नाही. सुविधा क्षेत्र, म्हणजे शाळा-दवाखान्यासारख्या सोयींसाठी ठेवलेली जागा, वेगळं; ते पालिकेकडे येऊ शकतं. मंजूर नकाशा मागवा, त्यावर काय लिहिलंय ते वाचा. बिल्डरच्या माहितीपत्रकातला 'गार्डन व्ह्यू' हा पुरावा नव्हे.

मोजणीआधी कुंपण. करू नका. भूमी अभिलेखकडे मोजणीचे पैसे भरा, खुणा दाखवून घ्या, मग खांब रोवा. लगतच्या धारकाला नोटीस गेली आहे ना, तेही बघा.

जागा "अडवून ठेवायला" झाडं लावणं. शाळेचं आरक्षण असलेल्या जागेत पन्नास झाडं लावली, की पुढे शाळा बांधताना १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तुम्हाला बाग हवी असेल. वस्तीतल्या मुलांना कदाचित शाळा हवी असेल. विचारलंत का त्यांना?

आवक क्रमांकाशिवाय पत्र. ते पत्रच नव्हे.

"तात्पुरतं" काहीतरी उभारणं

ही माझी दुसरी आवडती चूक. कचरा टाकू नये म्हणून एक ओटा बांधतात. ओट्यावर एक तसबीर येते, तसबिरीवर पत्रा, पत्र्याखाली घंटा. हेतू चांगलाच असतो, हे शंभरदा ऐकलंय. पण सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे: सार्वजनिक जागांवर, रस्त्यांवर, उद्यानांत नवं अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही. त्याखाली तुमचा ओटा अनधिकृत बांधकामांच्या यादीत जातो. मग उद्यान विभाग म्हणतो, वाद मिटल्याशिवाय आम्ही जागा विकसित करणार नाही. अतिक्रमण विभाग म्हणतो, बंदोबस्त मिळाल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. पोलीस म्हणतात, सणासुदीचे दिवस आहेत. आणि सण बारा महिने असतात.

असा एक प्लॉट माझ्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर आहे. उद्यानासाठी मंजूर, निधीसुद्धा पडला होता. कचरा थांबवण्याचा हा सोपा उपाय ज्यांनी शोधला, त्यांनाच पुढे ओटा हलवायचं धाडस झालं नाही. निधी दुसऱ्या प्रभागात वळला. आता एका बाजूला मंदिर, दुसऱ्या बाजूला पूर्वीसारखाच कचरा, आणि मधल्या पट्ट्यात फुलांची दोन दुकानं. यात देवाचा अपमान कुणी केला, ते तुम्हीच ठरवा.

रखवालदाराची खोली, पत्र्याची व्यायामशाळा, मंडळाचं 'कार्यालय', आमदार निधीतलं समाजमंदिर, सगळ्याला हेच लागू. मी स्वतः फक्त दोन गोष्टी सुचवतो: पालिकेच्याच खर्चाने तारेचं कुंपण आणि पालिकेच्याच विजेवर एक दिवा. वर्गणीतून विटेचं काम अजिबात नाही. लोकांना हे फार मिळमिळीत वाटतं.

भाडेपट्टा मागणं

"आमच्या मंडळाला एक रुपया भाड्याने ३० वर्षांसाठी द्या." हा अर्ज हमखास येतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ चा नेहमीचा नियम असा, की पालिकेची स्थावर मिळकत विकताना किंवा भाड्याने देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा. तुमचा अर्ज मालमत्ता विभागात पोचला की संपला.

शिवाय पट्टा हवाच कशाला? मुंबईत मोकळ्या जागा सांभाळायला देण्याच्या धोरणाचं काय झालं ते आठवा. काही मैदानांवर देखभालीच्या नावाखाली क्लब उभे राहिले, सामान्य माणसाला दारावर अडवलं जाऊ लागलं. जानेवारी २०१६ मध्ये पालिकेने नवं दत्तक धोरण मंजूर केलं, त्यावर एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि आधी दिलेले २१६ भूखंड परत घेण्याचं काम पालिकेच्या मागे लागलं. त्यात काही प्रामाणिक संस्थाही भरडल्या गेल्या. उलट ओव्हल मैदान पाहा. जमीन राज्य सरकारची. दुर्दशा झाली तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले, पुढे ट्रस्ट करून देखभाल हाती घेतली आणि मैदान मैदानच राहिलं. माटुंग्याला तुलपुले उड्डाणपुलाखाली पार्किंग आणि गर्दुल्ल्यांचा अड्डा नको म्हणून रहिवाशांनी पाठपुरावा केला. तिथली बाग २०१६ मध्ये सुरू झाली, ती पालिकेने केलेली आहे. मागायचा तो देखभालीचा करार: मुदत छोटी, प्रवेश सगळ्यांना, बांधकाम शून्य. हे तिन्ही शब्द अर्जात तुम्हीच लिहा. साहेब लिहितील याची वाट पाहू नका.

जाहीर नोटिसा न वाचणं

आरक्षण बदलायचं असेल, तर त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली राजपत्रात नोटीस निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. वर्तमानपत्रात ती बारीक टाइपात, नोकरीच्या जाहिरातींशेजारी असते. मी सकाळी चहाबरोबर तीच आधी वाचतो, घरचे हसतात. मुंबईतल्या गिरणगावचं उदाहरण पुरेसं आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेला आणि तेवढाच म्हाडाला जायचा होता. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. भरपूर बांधकाम असलेल्या गिरण्यांतून मग शहराच्या हाती कितीसं लागणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. याउलट मुंबईच्या आराखड्याचा २०१५ चा मसुदा हरकतींच्या रेट्यापुढे टिकला नाही, तो नव्याने करावा लागला. हरकत लिहिताना "जनहितार्थ विरोध" असं मोघम लिहू नका. सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, आधीचं आरक्षण, प्रस्तावित बदल आणि जवळची दुसरी मोकळी जागा किती अंतरावर आहे, एवढं लिहा आणि सुनावणीला जा. सही गोळा करणारे दोनशे असतात, सुनावणीच्या दिवशी सगळ्यांची मीटिंग असते.

मार्चमध्ये निधी मागणं. अंदाजपत्रक तोवर छापून झालेलं असतं. प्रभाग कार्यालयात दिवाळीच्या आधी जा. पुण्यात नागरिकांनी कामं सुचवण्याची पद्धत २००६ पासून आहे, त्याचा अर्ज भरा. कामाचं नाव 'सुशोभीकरण' लिहिलंत तर कारंजं आणि सेल्फी पॉइंट मिळेल, झाडाखाली बसायला जागा मिळणार नाही.

आणि पाणी. बागेचा आराखडा काढणाऱ्या दहापैकी नऊ जणांनी नळजोडणीचा विचार केलेला नसतो. एप्रिलमध्ये टँकर कोण मागवणार, बिल कुणाच्या नावावर येणार, बोअरची परवानगी कोण घेणार, हे करारात नसेल तर हिरवळ लावूच नका. कडुलिंब लावा, करंज लावा, खाली मुरूम टाका. हिरवळीचा हट्ट धरणाऱ्यांना मी उद्यान विभागाचं पाणी बिल दाखवतो.