मीडियाचा धंदा करायचाय? मग कॅमेऱ्याआधी बिलबुक घे

पोरी मला विचारतात, ताई कुठला कॅमेरा घेऊ. मी म्हणते बिलबुक घे. त्यांना वाटतं ताई चेष्टा करते, पण खरंच सांगते, मी लातूरात लोकल चॅनल चालवते, व्हिडिओ बरे जमायला सहा महिने लागले आणि पैसे मागायला शिकायला दोन वर्षं गेली. त्यामुळे ज्यांना यात करिअर करायचंय, म्हणजे नुसता छंद नाही, यावरच घर चालवायचंय, त्यांच्यासाठी जेवढं आठवतंय तेवढं लिहिते.

आधी विषय. मोटिव्हेशन, लाइफस्टाइल असलं काहीतरी धरून बसू नको, ते पुण्या-मुंबईच्या पोरी तुझ्यापेक्षा चांगल्या लाइटमध्ये करतात. आपल्या गावात रोज कुणालातरी काय विचारावं लागतं ते शोध. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा मी शाळेत होते, सगळ्या देशाचे कॅमेरे आमच्या स्टेशनवर, पण आमच्या गल्लीत टँकर कधी येणार हे आईला शेजारच्या काकूंकडूनच कळायचं. लोकल मीडियाची जागा तिथे आहे, काकूंची. मी सुरुवात केली सोयाबीन आणि तुरीच्या भावापासून. आडत बाजारात जायचं, भाव विचारायचा, दीड मिनिटात सांगायचा. पहिल्या दिवशी एक आडते म्हणाले, बाळ कुणाची गं तू, वडील आलेत का सोबत? महिन्याने तेच फोन करून विचारायला लागले की आज व्हिडिओ नाही का आला.

बायकांचं काम नाही हे असं कुणी म्हणालं तर भांडत बसायचं नाही, पण स्वतःला माहीत असावं म्हणून सांगते. नवरा वारल्यावर १९०८ मध्ये तानुबाई बिर्जेंनी 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र चालवायला घेतलं होतं. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ मध्ये गावाकडच्या बायकांनी 'खबर लहरिया' नावाचं छापील वर्तमानपत्र काढलं, आता त्याच व्हिडिओ करतात.

सामान फार नको. बरा मोबाईल, कॉलर माईक (त्यावर तो फरचा गोंडा लाव, आपल्याकडे वारं लई), एक ट्रायपॉड. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, आवाज फाटला की पुढे जातात.

आता एक चूक सांगते जी मी केलीय. माझं पहिलं चॅनल आत्तेभावाच्या जीमेलवर होतं, कारण तेव्हा त्यालाच ते उघडता यायचं. पुढे आमचं काहीतरी बिनसलं आणि अकरा महिन्यांचं काम त्याच्या मोबाईलमध्ये राहिलं, परत शून्यापासून सुरू केलं. म्हणून चॅनल, पेज, जीमेल, सिमकार्ड सगळं स्वतःच्या नावावर. एडिटरला मॅनेजर किंवा एडिटर म्हणून परवानगी द्यायची, पासवर्ड द्यायचा नाही, टू स्टेप (पासवर्डनंतर मोबाईलवर दुसरी खात्री) चालू ठेवायचं. आणि स्पॉन्सरशिपच्या नावाने मेलवर कुठली फाइल डाउनलोड करायला सांगितली तर करू नको, चॅनल चोरायची ती नेहमीची पद्धत आहे.

यूट्यूबच्या पैशाचं गणित लवकर समजून घे म्हणजे स्वप्नं बघणं कमी होतं. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास पाहिले गेलेले लागतात, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के आपल्याला, शॉर्ट्सच्या आपल्या वाट्याचे ४५. १० डॉलर झाले की पत्ता खरा आहे ना हे बघायला घरच्या पत्त्यावर पोस्टाने पिन येतो, आमच्या पोस्टमनकाकांनी तो लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात दिला होता, मी जवळजवळ रद्दीत टाकला. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. अमेरिकेचा टॅक्स फॉर्म आपण लातूरात बसून का भरायचा असं वाटतं, पण भर, नाही भरला तर सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात, भरला तर फक्त तिकडच्या प्रेक्षकांमुळे आलेल्या भागावर कापतात. न्यू जर्सीतून सोयाबीनचे भाव बघणारे आहेत हे मला तो फॉर्म भरतानाच कळलं, शेत इकडे आणि पोरगा तिकडे.

पण यूट्यूबवर घर चालत नाही, निदान मराठीत तालुक्या-जिल्ह्याच्या विषयावर तरी नाही. घर चालतं लोकल जाहिरातीवर. आणि बघणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा. माझे व्हिडिओ शेतकरी बघतात, जाहिरात देतात क्लासवाले, कारण त्याच शेतकऱ्याच्या पोराला नीटची तयारी करायचीय आणि लातूर पॅटर्नचं नाव ऐकून अख्खा मराठवाडा इथे पोरं आणतो. म्हणून माझा सीझन दहावी-बारावीच्या निकालाच्या आसपास. तुझ्या गावात तो ट्रॅक्टरचा असेल, लग्नसराईचा असेल, सराफांचा असेल. सीझनच्या दोन महिने आधी दुकानात जायचं, सीझनमध्ये गेलं तर मालकाला मान वर करायला वेळ नसतो.

रेट कार्ड छापून घे. एक पान. व्हिडिओच्या सुरुवातीला नाव, मध्ये तीस सेकंद, पूर्ण व्हिडिओ, रील, आणि एकदम महिन्याचं पॅकेज. तोंडी रेट सांगितला की समोरचा म्हणतो अगं बाळा आपल्या घरचंच आहे, आणि मग घरचं म्हणून फुकट. कागदावर आकडा असला की तो कागदाशी भांडतो, तुझ्याशी नाही. मी पहिली जाहिरात १५०० रुपयांना केली होती, आता त्या रेटला मी हो म्हणत नाही, पण तेव्हा गंजगोलाईत, आमच्या मुख्य बाजारात, त्या दुकानातून बाहेर आल्यावर उसाचा रस पिऊन एकटीच हसत होते.

निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय शूट नाही. एका क्लासवाल्यांनी माझ्याकडून चार व्हिडिओ करून घेतले आणि पाच महिने उद्या या, उद्या या. तेव्हा माझ्याकडे ना उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) ना लिहिलेलं काही. आता सांगते काय करायचं. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, पैसे मागणारी साइट दिसली की ती एजंटची. काम सुरू करायच्या आधीच ती करून घे, नंबर बिलावर छाप. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुझी नोंद असली तर लेखी ठरलेल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं आणि सुविधा परिषदेकडे, म्हणजे छोट्या धंद्यांच्या थकलेल्या पैशाच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. मला अजून तक्रार करावी लागली नाही. पैसे वेळेत दिले नाहीत तर ज्या वर्षी खरोखर दिले त्याच वर्षी तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरता येतो असा नियम आहे, मालकाला ते माहीत नसतं पण त्याच्या सीएला पक्कं माहीत असतं. म्हणून बिल मालकाला व्हॉट्सॲपवर आणि सोबत अकाउंटवाल्याला मेलवर पाठवायचं.

करंट अकाउंट वेगळं काढ, घरातल्या गॅसचे आणि जाहिरातीचे पैसे एकात नको. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत आपल्यासारख्या सेवा देणाऱ्याला साधारण लागत नाही, पण परदेशातून पैसे यायला लागले की सीएला एकदा विचार, तिथे माझ्या सांगण्यावर विसंबू नको. मोठ्या कंपनीने फुकट मोबाईल-बिबाईल दिला आणि तो तू ठेवून घेतलास, वर्षात २० हजारांच्या वर गेलं, तर त्यावर १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा टॅक्स) आहे. फुकट ते फुकट नसतं.

पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओवर जाहिरात असं स्पष्ट लिहायचं, मराठीत, दिसेल असं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि तो नुसत्या कंपनीला नाही, सांगणारीलाही. शंभर टक्के सिलेक्शन हे वाक्य मी बोलत नाही, त्यापायी दोन क्लास सुटले. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात घ्यायची, त्यात काही नाही, पण पुढाऱ्याची मुलाखत पैसे घेऊन बातमी म्हणून लावायची नाही. निवडणुकीच्या काळात पाकीट घेऊन माणूस दारात येतो तेव्हा घरातलेच म्हणतात घे की, काय बिघडतंय. आधीच ठरवून ठेव म्हणजे दारात उभं राहून विचार करावा लागत नाही.

बातम्या करणार असशील तर आयटी नियम २०२१ वाच, तक्रार घेणाऱ्याचं नाव साइटवर लावावं लागतं आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. छापील साप्ताहिक काढायचं असेल तर मार्च २०२४ पासून नवा कायदा आहे, पीआरजीआयकडे, म्हणजे वर्तमानपत्रांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, ऑनलाइन नोंदणी. यूट्यूब चॅनलला तसला नोंदणी नंबर नसतो. 'भारत सरकार मान्यताप्राप्त चॅनल' म्हणून लोक उद्यमचंच सर्टिफिकेट फ्रेम करून लावतात, आणि काहीजण तर प्रेस कार्ड विकतात, एका माणसाने मला जिल्हा प्रतिनिधी करतो म्हणून पाच हजार मागितले होते. नको.

धंद्याचा नंबर वेगळा ठेव. मीटिंग दुकानात, ऑफिसात, दिवसा. चेक घ्यायला संध्याकाळी फार्महाउसवर या म्हणणाऱ्याला यूपीआयचा क्यूआर पाठवायचा, हसून. घाण मेसेज आले तर डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट घे, तारीख आणि नंबर दिसेल असा, कारण तक्रार करायला गेलं की आधी तेच मागतात. मी एकदा रागात सगळं उडवलं होतं आणि मग ठाण्यात बसून काय दाखवू कळेना.

पहिला माणूस ठेवायचा तो एडिटर नाही, वसुली करणारी ठेव. मी आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना ठेवलंय, दर सोमवारी गोलाईत फिरतात, हातात उधारीची वही, आवाज गोड, पण चहा पिऊन उठत नाहीत. मागच्या सोमवारी त्या पाच महिन्यांवाल्या क्लासचे शेवटचे तीन हजार घेऊन आल्या.